खर्च वाटून श्रीलंकेत पक्षी पाहायला जायचं तर आधी माणसं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातले पाच पक्षीनिरीक्षक मित्र, जानेवारी-फेब्रुवारीत श्रीलंकेला जायचं आहे. टूर कंपन्यांचे दर परवडत नाहीत, म्हणून सगळं स्वतः ठरवून खर्च वाटून घ्यायचा आहे. आणखी तीन-चार जण यायला उत्सुक आहेत. जितकी माणसं जास्त तितका खर्च कमी, हे बरोबर ना? आणि पैशांचा हिशेब कसा ठेवायचा?

पहिल्याचं उत्तर: सहापर्यंत बरोबर, सहाच्या पुढे नाही. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे. कारण हिशेब निघाल्यावर ठेवायचा नसतो, निघण्याच्या सहा महिने आधी मांडायचा असतो.

अशा सहलीत दोन प्रकारचे खर्च असतात. एक, माणसागणिक वाढणारे: विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, खोलीतली आपली खाट, जेवण, जंगलांची प्रवेश फी. हे खर्च वाटले जात नाहीत, ज्याचे त्याने भरायचे. दुसरे, माणसं कितीही असली तरी तेवढेच राहणारे: गाडी, चालक, इंधन, गाइडचं मानधन, गाइडचं राहणं-खाणं. ‘खर्च वाटून घेऊ’ म्हणतो तेव्हा खरं तर हेच आपण वाटत असतो. देश निवडतानाही हे प्रमाण आधी पाहावं. भूतानमध्ये भारतीयांना रोज रात्रीमागे 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं आणि ते दर माणशी असतं, तुम्ही दोघं जा नाहीतर बारा जण. श्रीलंकेत मोठा वाटा गाडीचा आणि गाइडचा, म्हणून तिथे गट करून जाण्यात खरा फायदा आहे.

आता आकडे मांडू. हे दर नाहीत, समजण्यासाठी धरलेले आकडे आहेत. तुमच्या हातात कोटेशन आलं की खरे आकडे यांच्या जागी घाला. समजा, पूर्ण सहलीची व्हॅन, चालक आणि डिझेल मिळून 1,50,000 रुपये. चांगला पक्षी-गाइड, त्याच्या राहण्या-जेवणासकट, 1,20,000. एकूण 2,70,000. चार जण असाल तर माणशी 67,500. पाच असाल तर 54,000. सहा असाल तर 45,000. इथवर घसरण छान आहे. आता आठ जण घ्या. आठ माणसं, त्यांच्या बॅगा, ट्रायपॉड आणि गाइड एका व्हॅनमध्ये बसत नाहीत. मिनीबस घ्यावी लागते. ती समजा 60,000 ने महाग पडली, तर एकूण 3,30,000 आणि माणशी 41,250. म्हणजे चारावरून सहावर जाताना 22,500 रुपये वाचले, आणि सहावरून आठवर जाताना जेमतेम 3,750.

त्या 3,750 रुपयांसाठी काय गमावता ते सिंहराजा या श्रीलंकेतल्या पावसाळी जंगलात कळतं.

श्रीलंकेतल्या पक्षीनिरीक्षकाच्या यादीत सगळ्यात वर असतं ते सेरेंडिब स्कॉप्स आउल. कित्तुलगलाच्या जंगलात 1995 मध्ये श्रीलंकेचे पक्षीतज्ज्ञ दीपल वारकागोडा यांनी एक अनोळखी आवाज ऐकला. तो कोणाचा, हे कळायला 2001 उजाडलं, तेव्हा सिंहराजात हे घुबड प्रत्यक्ष दिसलं. 2004 मध्ये वारकागोडा आणि अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नवी जात म्हणून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याआधी श्रीलंकेत नवा पक्षी सापडला होता तो 1868 मध्ये. तांबूस रंगाचं, मुठीएवढं, कानावर शेंड्या नसलेलं हे घुबड दिवसा दाट झुडपात, कित्येकदा जमिनीपासून हातभर उंचीवर बसतं. स्थानिक माग काढणारा माणूस आधी एकटा आत शिरतो, जागा हेरतो, परत येतो आणि मग दोघा-दोघांना घेऊन जातो. पानांच्या फटीतून दिसणारी जागा दोन माणसांपुरतीच असते. सहा जणांच्या तीन फेऱ्या होतात, त्या पक्षी सहन करतो. आठ-नऊ जण असले की चौथी-पाचवी फेरी, पायाखाली मोडणारी काटकी, कोणाची तरी शिंक आणि शेवटच्या जोडीच्या वाट्याला रिकामी फांदी. मग ती जोडी उरलेली सगळी सहल गप्प असते. पैसे सगळ्यांनी सारखे भरलेले असतात ना!

मिश्र थव्यांचंही तसंच. सिंहराजातले मिश्र थवे जगभर अभ्यासले गेलेत. प्रा. सरत कोटगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षं नोंदी केल्या आहेत. एका थव्यात सरासरी 40 च्या आसपास पक्षी आणि 11-12 जाती असतात. केशरी चोचीच्या सातभाईंचा गलका आणि शेंडीवाल्या कोतवालाची हाक ऐकली की पाठोपाठ बाकीचे असणार असं समजायचं. लाल चेहऱ्याचा मालकोहा, राखी डोक्याचा लाफिंगथ्रश, निळा मॅगपाय, नशीब असेल तर पांढऱ्या तोंडाची मैना. थवा वाट ओलांडून जातो तो काही मिनिटांत. अरुंद पायवाटेवर एकामागे एक उभ्या असलेल्या रांगेत पहिल्या सहांना गाइडचं बोट दिसतं. सातव्याला समोरच्याची पाठपिशवी दिसते.

तेव्हा आकडा सहा. तुम्ही पाच आहात, एक शोधा आणि यादी बंद करा. सातव्याला वाईट वाटलं तर वाटू दे. त्याचं नाव प्रतीक्षा यादीत ठेवा, ते कामाला येणार आहे.

सहावा माणूस कसा निवडायचा? पक्ष्यांचं ज्ञान ही शेवटची अट. पहाटे साडेचारला उठून कुरकुर न करणं ही पहिली. दुसरी अट, त्याला नेमकं काय हवंय हे बाकीच्यांना माहीत असणं. आपल्याकडच्या गटांत खरी भांडणं पैशांवरून क्वचित होतात, ती होतात कॅमेऱ्यावरून. एकाला फोटो हवा असतो, म्हणजे एका पक्ष्यामागे पाऊण तास. दुसऱ्याला यादी हवी असते, म्हणजे पाहिला, नोंदवला, पुढे चला. दोन्ही रास्त आहेत, पण एका व्हॅनमध्ये दोन्ही बसत नाहीत. सहापैकी चार फोटोवाले असतील तर सहाही फोटोवालेच घ्या आणि एक रात्र वाढवा. जाण्याआधी सगळ्यांनी मिळून ताम्हिणीला किंवा आंबोलीला दोन दिवस काढावेत. कोण घोरतं हेही त्यात कळतं. घोरणाऱ्याची खोली वेगळी आणि तिचा जादा खर्च त्याचा, हे आधीच ठरलेलं बरं. हसण्यावारी नेऊ नका, आठ-नऊ रात्रींचा प्रश्न असतो.

आता मार्ग. इथे महाराष्ट्रातल्या माणसाला पैसे वाचवायची सगळ्यात मोठी संधी आहे आणि बहुतेक गट ती घालवतात. इंटरनेटवर जे आराखडे मिळतात ते युरोपातल्या पाहुण्यांसाठी केलेले असतात. त्यांना चित्रबलाकही नवा आणि वेडा राघूही नवा. म्हणून ते दोन आठवडे फिरतात. कोरड्या दक्षिण भागात तिस्समहाराम, बुंदल, याला राष्ट्रीय उद्यान, उडवलवे अशा तीन-चार रात्री घालतात. बुंदल ही श्रीलंकेची पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा, 1990 पासूनची, आणि सुंदर आहे यात वाद नाही. पण भिगवणला हिवाळे काढलेल्या माणसाला तिथे नवं फार थोडं मिळतं. मलबारी कवड्या धनेश याला-उडवलव्यात दिसतो, तोच आपल्या सिंधुदुर्गातही दिसतो. तुम्ही विमानाचे पैसे खर्च करताय ते फक्त श्रीलंकेत आढळणाऱ्या पक्ष्यांसाठी. वर्गीकरण कोणाचं मानता त्यावर आकडा हलतो, पण 30 ते 35 धरा. यातले जवळजवळ सगळे नैऋत्येकडच्या ओल्या जंगलांत आणि मधल्या डोंगरांत मिळतात.

श्रीलंका आणि आपला सह्याद्री मिळून जैवविविधतेचा एकच ‘हॉटस्पॉट’ मानला जातो. त्यामुळे कितीतरी पक्षी सामाईक आहेत. फ्रॉगमाउथ आणि मलबार ट्रोगॉन गोव्याच्या जंगलात पाहिले असतील, तर श्रीलंकेत त्यांच्यामागे पहाट घालवू नका. वाटेत दिसले तर आनंद आहे, पण त्यांच्यासाठी गाइडला वेगळे पैसे मोजायला लावू नका. नवरंगाचंही तसंच. जूनमध्ये कर्नाळ्यात आणि फणसाडमध्ये शीळ घालणारा हा पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला उतरतो, आणि नुवारा एलियाच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये, शहराच्या मधोमध, कचऱ्याच्या ओढ्याकाठी पानं उलटताना दिसतो. जुना शेजारी परगावी भेटावा तसं होतं खरं, पण त्याच बागेत तुमचं लक्ष हवं ते पाइड थ्रश आणि काश्मीर फ्लायकॅचरवर. दोघंही हिमालयाच्या बाजूचे, थंडीपुरते आलेले.

माझ्या मते महाराष्ट्रातल्या गटाला आठ रात्री पुरतात. कित्तुलगला दोन, सिंहराजा तीन, नुवारा एलिया दोन आणि परतीच्या विमानाआधी नेगोम्बोत एक. सिंहराजातली एकही रात्र कमी करू नका. दुपारनंतर पाऊस हमखास गाठतो आणि एक पूर्ण दिवस धुऊन जाऊ शकतो. कोरड्या भागातला वूडश्राइक हा पक्षी या मार्गावर हुकण्याची शक्यता मोठी. तो फारच मनावर घेतला असेल, तर सिंहराजाहून वर जाताना उडवलव्याला एक रात्र वाढवा. नकाशावरची अंतरं पाहून फसू नका. डोंगरी रस्त्यांवर ताशी 30 ते 40 किलोमीटरच्या वर सरासरी जात नाही.

हॉर्टन प्लेन्सबद्दल एक सूचना. 2,100 मीटरच्या वरचं हे पठार, आणि तिथला शीळ घालणारा कस्तूर, ज्याला जुने लोक अरेंगा म्हणतात, उजाडायच्या वेळी पाणवठ्याशी येतो. ऊन वर आलं की गेला. म्हणजे नुवारा एलियाहून पाचच्या आत निघायचं, फाटकावर रांगेत पुढे असायचं. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, तिथे सार्वजनिक सुटी असते. पोया शनिवार-रविवारला लागून आली की स्थानिक पर्यटकांची झुंबड उडते. तारखा ठरवताना पंचांग उघडा आणि हॉर्टन प्लेन्सचा दिवस पौर्णिमेपासून आणि शनिवार-रविवारपासून लांब ठेवा. (पोयाच्या दिवशी दारूची दुकानंही बंद असतात. गटात हा मुद्दा कोणाला महत्त्वाचा वाटेल ते तुम्हाला माहीत असेलच.)

गाडी म्हणून केडीएच व्हॅन मागा, टोयोटाच्या हायएस व्हॅनला तिथे सगळे याच नावाने ओळखतात. सहा प्रवासी, पुढे गाइड, मागे सामान, असं नीट बसतं. जागा रोज बदलायच्या. एकानेच पुढची खिडकी धरून ठेवायची नाही. चालकाच्या राहण्याची सोय हॉटेलात असते की वेगळे पैसे पडतात, हे प्रत्येक हॉटेलला आधी विचारा. गाइड घेताना श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरणाचा परवाना पाहा. गाडी चालवणारा गाइड स्वस्त पडतो, पण जंगलात त्याचं लक्ष पक्ष्यांवर आणि घाटात रस्त्यावर हवं, दोन्ही एकाच माणसाकडून दहा दिवस करून घेऊ नये. गाइडवर काटछाट करणारे गट मला कळतच नाहीत. सगळा खर्च ज्याच्यासाठी केला तो पक्षी दाखवणारा माणूस तोच. सिंहराजात वन खात्याचा स्थानिक माणूस बरोबर घ्यावाच लागतो, तो वेगळा. त्याची टिप घसघशीत ठेवा. घुबडाची आजची जागा त्यालाच ठाऊक असते. सिंहराजाच्या एका प्रवेशद्वाराजवळच्या कुडावा गावाच्या बाजूला काही गावकऱ्यांनी अंगणाकडेला लपून पाहायची सोय केली आहे. तिथे स्परफाउल येतो, एरवी हा पक्षी फक्त ऐकू येतो. थोडे पैसे घेतात, ते सामाईक पाकिटातून द्या आणि घासाघीस करू नका. आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा आग्रह गाइडकडे धरू नका, तो नाही म्हणाला तर तिथेच थांबा.

पैशांचं टिपण आता लिहायला घ्या. दोन पानांचं, साध्या मराठीत, सगळ्यांनी वाचून ‘मान्य’ असं उत्तर दिलेलं. ‘आपण मित्रच आहोत’ म्हणून ते टाळू नका. मित्र आहात म्हणूनच ते लिहायचं.

टिपणातला सगळ्यात मोठा परिच्छेद रिकाम्या सीटचा असू द्या. वरच्या उदाहरणात सहांपैकी एक जण गळला तर उरलेल्या पाचांचा वाटा 45,000 वरून 54,000 होतो. त्यांची काही चूक नसताना प्रत्येकाला 9,000 रुपयांचा भुर्दंड. तो कोणी सोसायचा? नियम असा ठेवा. खोल्यांची आगाऊ रक्कम जाईपर्यंत कोणीही बिनबोभाट बाहेर पडू शकतो. ती गेल्यानंतर बाहेर पडणाऱ्याची आगाऊ रक्कम बुडते. गाडी आणि गाइड पक्के झाल्यावर बाहेर पडणारा स्थिर खर्चातला आपला पूर्ण वाटा देतो, आणि त्याच्या खोलीतल्या जोडीदाराला एकट्याने राहावं लागल्यामुळे जो फरक पडेल तोही देतो. प्रतीक्षा यादीतला सातवा त्याच्या जागी आला, आणि तो सगळ्यांना चालला, तर ही रक्कम बाहेर पडलेल्याला परत. सातव्याचा उपयोग हा.

‘पण आजारपण आलं तर?’ असं कोणीतरी विचारेल. नियम तोच ठेवा. माणुसकी दाखवायची असेल तर ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून दाखवावी, ती बहुमताने दुसऱ्याच्या खिशातून दाखवू नये. म्हणूनच प्रत्येकाने सहल रद्द होण्याचं संरक्षण असलेला प्रवास विमा घ्यायचा. वैद्यकीय संरक्षण तर हवंच, विम्याची प्रत दुसऱ्या एका सदस्याकडे द्यायची. विमानाची तिकिटं एकत्र काढू नका. ज्याची त्याने काढावी, म्हणजे रद्द करण्याची भानगडही ज्याची त्याच्याकडे राहते. मुंबईहून कोलंबोला थेट विमान अडीच तासांच्या आसपास घेतं. फक्त पोहोचण्याची वेळ सगळ्यांनी एक ठरवा, नाहीतर व्हॅन विमानतळावर दोन खेपा करील आणि दुसऱ्या खेपेचे पैसे कोणाचे यावर पहिलाच दिवस जाईल.

संयोजकाचं काय? व्यावसायिक सहलीत नेत्याची जागा फुकट असते, तिचे पैसे बाकीच्यांच्या दरात घातलेले असतात, आणि त्यात गैर काही नाही, तो त्याचा धंदा आहे. खर्च वाटून जायचं असेल तर संयोजकाने इतरांइतकाच पूर्ण वाटा द्यावा. एक रुपया कमी नको आणि एक रुपया वरचा नको. कमी दिला की त्याच्या प्रत्येक निर्णयाकडे संशयाने पाहिलं जातं. वर घेतला तर तो टूर चालवतोय असा अर्थ होतो, आणि मग जीएसटी, टीसीएस (पैसे घेतानाच कापला जाणारा आयकर) वगैरे कारभार त्याच्या मागे लागतो. फोन आणि बँकेचे शुल्क यांसारखा प्रत्यक्ष खर्च पावतीसह सामाईक पाकिटातून घ्यावा.

आता पैसे बाहेर कसे पाठवायचे. सोपा वाटणारा मार्ग म्हणजे सगळ्यांनी यूपीआयने एकाला पैसे द्यायचे आणि त्याने एकरकमी श्रीलंकेतल्या एजन्सीला पाठवायचे. हा मार्ग टाळा. परदेशी पाठवलेली रक्कम एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली पाठवणाऱ्याच्या पॅनवर नोंदली जाते. टीसीएस लागला तर तोही त्याच्याच पॅनवर कापला जातो आणि विवरणपत्र भरल्यावर त्यालाच परत मिळतो. म्हणजे पाच जणांचे पैसे अडकले एकाच्या नावावर, आणि त्याच्या खात्यात पाच जणांकडून आलेल्या रकमांचा खुलासाही त्यालाच करावा लागतो. टीसीएसचे दर आणि मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलत आल्या आहेत, त्यामुळे जुन्या लेखावर जाऊ नका, त्या वर्षीचा दर बँकेत विचारा. प्रत्येकाने आपला वाटा स्वतः पाठवला की बँकेचं शुल्क सहा वेळा पडतं हे खरं, पण ते सोसण्यासारखं असतं. एजन्सीला आधीच सांगा की सहा जणांकडून सहा रकमा येतील, प्रत्येकाची पावती वेगळी हवी.

एजन्सी म्हणतोय म्हणून दचकू नका. गाडी, गाइड आणि खोल्या एवढंच श्रीलंकेतल्या एखाद्या लहान, पक्षीनिरीक्षणच करणाऱ्या कंपनीकडून घेणं मला सगळ्यात किफायतशीर वाटतं. सगळं सुटं सुटं बुक करून वाचतं थोडं आणि डोकेदुखी फार. कोटेशन मागताना चार, पाच आणि सहा जणांचे दर वेगवेगळे मागा. म्हणजे कोणी गळलं तर नवा दर काय, यावर वाद होत नाही. त्यात प्रवेश फी, स्थानिक मार्गदर्शकाची फी, जंगलाच्या तोंडापर्यंत नेणारी जीप आणि पाण्याच्या बाटल्या धरल्यात का, हे एकेक करून विचारा. कोटेशनबाहेर राहिलेल्या गोष्टी नेहमी याच असतात. सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी प्रवेशाचा दर कमी असतो, तो लागू होतो का हे विचारून घ्या आणि फाटकावर पासपोर्ट जवळ ठेवा.

कोटेशन डॉलरमध्ये येतं. ते रुपयांत मांडताना त्या दिवसाच्या दराने मांडू नका, पाचेक टक्के चढा दर धरून मांडा. उरलं तर परत जातं, कमी पडलं तर भांडण होतं.

सहलीतल्या रोजच्या खर्चासाठी एक सामाईक पाकीट आणि एक खजिनदार. खजिनदार संयोजक नसावा, दोन्ही कामं एकाकडे आली की तो पक्षी बघतच नाही. सुरुवातीला सगळ्यांनी सारखी वर्गणी घालायची. पाकिटातून काय जाणार ते टिपणात लिहा: टिप, चहा-नाश्ता, जंगलातलं पाणी, अंगणातल्या पक्ष्यांचे पैसे. जाणार नाही ते: दारू, भेटवस्तू, कपडे धुणं, औषधं. जेवणाचा खर्च पाकिटातून करायचा की नाही, हे गटात किती शाकाहारी आहेत त्यावर ठरवा. भात आणि चार भाज्या-आमट्या असं तिथलं साधं जेवण स्वस्त असतं, त्यामुळे दोन-तीन माशाच्या थाळ्यांवरून हिशेब करण्यात अर्थ नाही. पण रोज संध्याकाळी कोळंबी मागवणारा एक जण असेल, तर जेवण टीटीएमएम करा आणि विषय संपवा.

यूपीआय 2024 च्या फेब्रुवारीपासून श्रीलंकेत सुरू झालं आहे. कोलंबो-नेगोम्बोत ते कामाला येतं, कुडाव्याच्या अंगणात रोख लागते. परदेशी चलनाच्या नोटा माणशी एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंतच नेता येतात, म्हणून सहांची रोख एकट्या खजिनदाराच्या पिशवीत नको. प्रत्येकाने आपली वर्गणी आपल्याकडे न्यायची, कोलंबोच्या कटुनायके विमानतळावर बदलायची आणि तिथेच खजिनदाराकडे द्यायची. स्प्लिटवाइज हे खर्चवाटणीचं ॲप वापरायला हरकत नाही, पण ते झालेला खर्च मांडतं. कोणता खर्च सामाईक, हे ते ठरवत नाही. रोज रात्री पक्ष्यांची यादी वाचताना पाच मिनिटं खर्चाची यादीही वाचा. शेवटचा हिशेब नेगोम्बोत, पुण्यात नाही. घरी पोहोचल्यावर बाराशे रुपयांसाठी कोणी कोणाला फोन करत नाही आणि मग ते बाराशे वर्षभर मनात राहतात.

यालाच्या बिबळ्याबद्दल गटात मतभेद होणारच, म्हणून हेही सांगतो. जीप सफारी ऐच्छिक ठेवा. ज्यांना जायचं त्यांनी सहलीच्या शेवटी दोन दिवस वाढवून, आपल्या खर्चाने, वेगळ्या गाडीने जावं. मधे घुसवली की सगळ्यांच्या दोन रात्री आणि लांबचा फेरा त्यात जातो, आणि बिबळ्यात रस नसलेला माणूस त्याचे पैसे भरतो. मिरिस्सच्या निळ्या देवमाशांनाही हाच नियम.

पक्ष्यांत रस नसलेला नवरा किंवा बायको बरोबर येऊ का, असंही विचारलं जातं. यावं, पण सीट ती सीट. स्थिर खर्चातला वाटा पूर्ण, ‘ती जंगलात येणारच नाही’ म्हणून अर्धा नाही. व्हॅनमधली जागा अडतेच. नुवारा एलियात त्यांचे दिवस मजेत जातात, सिंहराजात मात्र पावसात खोलीत बसून जळवा मोजाव्या लागतील हे आधी सांगा. जळवांचे लांब मोजे सगळ्यांनी इथूनच शिवून किंवा विकत घेऊन न्या, आणि एक जोड जास्तीचा.

जानेवारी-फेब्रुवारीसाठी जूनमध्ये सुरुवात करा. नैऋत्येकडची जंगलं त्या दोन महिन्यांत त्यातल्या त्यात कोरडी असतात, पाहुणे पक्षीही असतात, म्हणून युरोपातले गटही तेव्हाच येतात. कुडाव्याच्या जवळ राहण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि त्या सगळ्यात आधी भरतात. क्रम असा ठेवा: सहा नावं, टिपणाला होकार, सिंहराजाच्या तीन रात्री, मग त्या रात्रींच्या पुढे-मागे बाकीचा मार्ग, आणि विमानाची तिकिटं त्यानंतर. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून आधी ते काढून ठेवाल तर त्या तारखांना सिंहराजात खोली मिळेलच असं नाही, आणि दीड-दोन तासांवरून रोज पहाटे व्हॅन पळवण्यात डिझेलही जातं आणि उजाडतानाचा पहिला थवाही. व्हिसाचा ऑनलाइन अर्ज निघण्याच्या काही आठवडे आधी करा, त्याची फी आणि नियम मधूनमधून बदलतात. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक आहे का, हे मात्र आजच सगळ्यांना तपासायला सांगा.